रान राहू दे, आधी सेकंद मोजा

पत्र

सर, सप्रेम नमस्कार.

इचलकरंजीत आमचा यंत्रमागाचा व्यवसाय आहे. मुलगा नववीत आहे, डिसेंबरात त्याला १५ पूर्ण होतील. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत त्याला कोल्हापूरला मोहितेंच्या ट्रॅकवर गो-कार्ट चालवायला नेलं. तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नाही. मी एक जुनी कार्ट घेऊन दिली. गेल्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या दोन फेऱ्यांत उतरला, एकीत पाचवा आला. मोटार तर तो बाराव्या वर्षापासून चालवतो. कोल्हापूरला जाताना हायवेवर मी शेजारी बसतो आणि तो चालवतो, इतका हात साफ आहे.

त्या फेरीत एक गृहस्थ भेटले. म्हणाले, पोरात दम आहे, इथं वेळ घालवू नका. दुबईत फॉर्म्युला फोरची टेस्ट आणि दोन फेऱ्या, ३५ लाख. तिथून थेट युरोप. रस्त्याला लागून आमचं वडिलोपार्जित दोन एकर रान आहे, सव्वा कोटीला गिऱ्हाईक तयार आहे. बायको म्हणते, रान विकलंत तर मी माहेरी जाते. मुलगा म्हणतो, दहावी बाहेरून देतो. ओकॉन नावाच्या फ्रेंच ड्रायव्हरच्या आईबापांनी घर विकून त्याला घडवलं, हे तो मला रोज मोबाइलवर दाखवतो. मी काय करू?

– एक वडील, इचलकरंजी

उत्तर

दादा, रान विकू नका. निदान या वर्षी नाही, आणि ट्रॅकवर भेटलेल्या माणसाच्या सांगण्यावरून तर मुळीच नाही. एवढं आधी वहिनींना वाचून दाखवा, म्हणजे घरातलं वातावरण निवळेल. पुढचं मग सावकाश वाचा, कारण कार्ट विकून पोराला गप्प घरी बसवा असंही मी म्हणणार नाहीये.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात: ‘एकीत पाचवा आला.’ किती जणांत पाचवा? ज्युनियर गटात कधी ग्रिड भरलेली असते, कधी आठ-दहाच कार्ट उभ्या असतात. आठांत पाचवा म्हणजे खालच्या निम्म्यात. बरं, समजा पंधरांत पाचवा. मग पहिल्याच्या मागे किती सेकंद? पुढचे दोघे एकमेकांना धडकून बाहेर गेले की सातवा आपोआप पाचवा होतो. नंबर असा फसवतो. लॅप टाइम मात्र कुणाची भीड ठेवत नाही.

तेव्हा पहिलं काम हे. कार्टच्या स्टिअरिंगवर छोटा डिस्प्ले बसवतात, ट्रॅकवर सगळे त्याला मायक्रॉन म्हणतात. तुमच्याकडे नसेल तर जुना मिळतो का बघा. त्यात प्रत्येक लॅपची वेळ आणि आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे, साठतात. धरून चाला की एका लॅपला ५० सेकंद लागतात आणि तुमचा मुलगा सगळ्यात वेगवान मुलाच्या ०.३ सेकंद मागे आहे. पापणी लवते तेवढाच फरक. पण २० लॅपची रेस झाली की तो ६ सेकंदांचा होतो, आणि पुढचा कार्टवाला नजरेच्या टप्प्यात राहत नाही. आता हे ०.३ कुठून आले ते शोधायचं. तुमची कार्ट जुनी. चॅसी, म्हणजे कार्टचा सांगाडा, वापरून वापरून मऊ पडलेली असते, इंजिन रिबिल्डला आलेलं असतं, टायर तिसऱ्या दिवसाचे असतात. हा सगळा दोष वजा केल्यावर जे उरतं ते पोराचं.

ती वजाबाकी करायचा खात्रीचा एकच उपाय मला ठाऊक आहे. त्याच गटातल्या सगळ्यात वेगवान मुलाला गळ घालून तुमच्या कार्टमध्ये दहा लॅप बसवा. तो उतरला की लगेच तुमच्या मुलाला, त्याच टायरवर, त्याच उन्हात. दोघांच्या वजनातला फरक सीटला शिसं लावून भरून काढा. ट्रॅकवरची मुलं हेल्मेट घातल्यावर एकमेकांचे वैरी असतात, उतरवल्यावर एकाच डब्यातले पोहे खातात. कुणी ना कुणी तयार होईल. तो मुलगा तुमच्या कार्टमध्ये तुमच्या मुलाइतकाच वेळ काढत असेल, तर दोष यंत्राचा आणि तुम्हाला आनंद व्हायला हरकत नाही. तो तुमच्याच कार्टमध्ये अर्धा सेकंद वेगात गेला, तर दुबईचं नाव सध्या घरात काढू नका.

आणखी एक गोष्ट बघा, ती मला वेगापेक्षाही जास्त सांगते. न पाहिलेल्या ट्रॅकवर सकाळच्या पहिल्या सेशनमध्ये तो किती मागे होता आणि संध्याकाळी किती? घरच्या ट्रॅकवर वाघ असणारी मुलं मी ढिगाने पाहिली आहेत. कोल्हापुरातला प्रत्येक खड्डा त्यांना पाठ असतो. कोइम्बतूरला नेलं की तीच मुलं दोन दिवस लाइन, म्हणजे वळणातली सगळ्यात वेगवान वाट, शोधत बसतात. वरच्या वर्गात गेल्यावर तर नव्या ट्रॅकवर शुक्रवारी जेमतेम पाऊण तास सराव मिळतो आणि लगेच पात्रता फेरी. तिथे लवकर शिकणारा टिकतो.

थोडं माझं सांगतो, म्हणजे मी हे कुठून बोलतोय ते कळेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी फॉर्म्युला मारुती चालवायचो. मारुती ८००चं इंजिन बसवलेली, वरून उघडी, एका माणसाची गाडी. सांगलीहून रात्रभर प्रवास करून श्रीपेरुंबुदूरजवळच्या ट्रॅकवर पोचायचं. (तुमच्या कोल्हापूरवरून जाणारा पुण्या-बेंगळुरूचा हायवेच पुढे चेन्नईला जातो आणि त्या ट्रॅकच्या अंगावरून जातो. पोराला सांगा, रस्ता दारातूनच आहे.) वडिलांनी पीएफमधून पैसे काढले होते. तिसऱ्या हंगामात एकाने मागून ठोकलं, माझं पुढचं सस्पेन्शन मोडलं, आणि टीमने दुरुस्तीचं बिल माझ्या हातात ठेवलं. चूक कुणाची का असेना, नुकसान ड्रायव्हर भरेल, असं करारात होतं. मी ते वाचलं नव्हतं. त्या टीमचं नाव घेत नाही, सही माझीच होती. ते बिल फेडायला दीड वर्ष गेलं आणि तोवर माझ्या जागी दुसरा बसला होता. आता मी पुण्यात मुलांना शिकवतो, त्यांच्या डेटाचे आलेख बघतो आणि आईबापांना करार वाचायला लावतो.

ओकॉनची गोष्ट खरी आहे. एस्तेबानच्या आईवडिलांनी घर विकलं, कॅरॅव्हॅनमध्ये राहिले आणि त्यातूनच कार्टिंगच्या स्पर्धांना फिरले. पण चिरंजीवांनी गोष्टीचा पुढचा भागही वाचावा. पुढे मर्सिडीजसारख्या कंपनीने त्याला हात दिला. लुईस हॅमिल्टनचे वडील एकाच वेळी दोन-तीन कामं करत होते, हेही खरं. पण १९९८मध्ये, पोरगं १३ वर्षांचं असताना, मॅक्लारेनची टीम आणि मर्सिडीज यांनी त्याचा खर्च उचलला. बापाच्या पैशाने मुलगा कुणाच्या तरी नजरेत भरेपर्यंत पोचला. पुढची वाट दुसऱ्याच्या पैशाने झाली. ज्यांच्या पोरांकडे कुणी वळून पाहिलं नाही, त्या बापांच्या मुलाखती घ्यायला कोण जातं? घरं त्यांचीही विकली गेलीच.

आता वरची शिडी बघू. कार्टिंग, मग फॉर्म्युला फोर, त्यावर फॉर्म्युला रीजनल, फॉर्म्युला थ्री, फॉर्म्युला टू आणि शेवटी फॉर्म्युला वन, म्हणजे एफ वन. फोरसाठी किमान वय १५. एफ वनमध्ये बसायला सुपर लायसन्स लागतं, त्यासाठी वय साधारणपणे १८ आणि तीन वर्षांत ४० गुण. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांत आलात तर एका दमात ४० मिळतात; फॉर्म्युला थ्रीचं अख्खं विजेतेपद मिळवलंत तरी ३०च. आणि जागा किती? २०२६पासून ११ टीम झाल्या, म्हणजे साऱ्या जगात मिळून २२. त्याही दर वर्षी रिकाम्या होत नाहीत.

खर्चाचं ढोबळ मान सांगतो. युरोपातल्या फॉर्म्युला थ्रीचा एक हंगाम दहा लाख युरोच्या घरात, फॉर्म्युला टूचा वीस लाखांच्या पुढे. आपल्या पैशात दहा कोटी आणि वीस कोटी, एका वर्षाचे. फॉर्म्युला टूच्या हंगामात १४ वीकेंड असतात. भागाकार करा: तुमचं सव्वा कोटीचं रान म्हणजे त्यातला एक वीकेंडसुद्धा होत नाही. वडिलोपार्जित जमीन शुक्रवारी जाईल आणि रविवारी संध्याकाळी संपलेली असेल. म्हणून जमीन विकून एफ वन गाठायचं हे गणितच मला मान्य नाही. भावना बाजूला ठेवा, आकडाच पुरत नाही.

पुरेसा पैसा आणि भरपूर गुण, दोन्ही असून काय होतं तेही बघा. आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला. सहारा फोर्स इंडिया या एफ वन टीमने २०११मध्ये देशभरातून कार्टवाली मुलं निवडली, त्यातल्या तीन विजेत्यांपैकी हा एक. व्यवसायातलं घर, मागे उभे राहणारे आईवडील. लहान वयात ब्रिटनला जाऊन कार्टिंग केलं. २०१९मध्ये फॉर्म्युला थ्रीत एकूण तिसरा आला. रेड बुलने आपल्या ज्युनियर संघात घेतलं. २०२०च्या शेवटी बहारीनच्या साखीर ट्रॅकवर जिंकला, फॉर्म्युला टूची रेस जिंकणारा पहिला भारतीय. २०२२मध्ये मॅक्लारेनची एफ वन गाडी सिल्व्हरस्टोनला टेस्टमध्ये चालवली. फॉर्म्युला टूमध्ये चार हंगाम काढले. एफ वनची जागा मिळाली नाही. त्यानंतर फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या मालिकेत मासेराटीकडून एक हंगाम तो खेळला. यात मला अपयश दिसत नाही, या धंद्याचं खरं रूप दिसतं. इतक्या वेगवान, इतक्या मेहनती मुलालाही शेवटच्या दारात थांबावं लागतं, कारण आतल्या खुर्च्यांवर बसलेले उठत नाहीत.

जे दोघे भारतीय एफ वनमध्ये गेले त्यांचंही ऐका. नारायण कार्तिकेयन २००५मध्ये जॉर्डन नावाच्या टीमकडून उतरला. त्या वर्षी इंडियानापोलिसला टायरच्या वादामुळे सहाच गाड्या धावल्या, त्यात तो चौथा आला आणि ५ गुण मिळाले. जॉर्डनकडचा तो एकच हंगाम. पुढे टेस्ट ड्रायव्हर, मग २०११-१२मध्ये एचआरटी या टीमची मागे रेंगाळणारी गाडी. करुण चंडोक २०१०मध्ये त्याच टीमकडून बहारीनला गेला तेव्हा त्याची गाडी सरावाला तयारच नव्हती. ती पिटबाहेर पहिल्यांदा पडली ती थेट पात्रता फेरीत. दहा रेस झाल्या आणि त्याच्या जागी दुसरा आला. बापाच्या रॅलींमुळे नारायणला आणि आजोबा-वडिलांमुळे करुणला हा खेळ घरातूनच मिळाला होता, हेही विसरू नका.

पण मला खरी आवड या दोघांच्या पुढच्या आयुष्याची आहे. नारायणने जपानला जाऊन तिथल्या सुपर फॉर्म्युला मालिकेत २०१४पासून पाच हंगाम काढले, २०१९मध्ये फुजीला जपानची सुपर जीटी आणि जर्मनीची डीटीएम या मालिकांच्या एकत्र रेसमध्ये जिंकला, चाळिशी ओलांडून. करुण २०१२मध्ये ल मॉनच्या २४ तासांच्या रेसमध्ये सहावा आला आणि आज टीव्हीवर एफ वनचं विश्लेषण करतो, तेही असं की इंग्रज ऐकत बसतात. दोघांची उपजीविका या खेळावर झाली. तुमचा मुलगा ‘प्रोफेशनल’ हा शब्द वापरत असेल तर त्याला हा अर्थ सांगा. गाडीत बसायला जो पैसे भरतो तो हौशी, मग तो कितीही वेगवान असो. ज्याला बसण्याचे पैसे मिळतात तो प्रोफेशनल.

असे पैसे मिळण्याच्या जागा एफ वनबाहेरच जास्त आहेत. जीटी, म्हणजे छप्पर असलेल्या स्पोर्ट्स गाड्यांच्या, आणि लांब पल्ल्याच्या रेसमध्ये श्रीमंत हौशी ड्रायव्हर गाडीचा खर्च उचलतो आणि नियमच असे असतात की त्याच्या जोडीला पट्टीचा ड्रायव्हर लागतो. त्या जोडीदाराला मानधन मिळतं. रॅलीत दिल्लीचा गौरव गिल कंपन्यांच्या टीमकडून धावला, एशिया-पॅसिफिक रॅलीचं विजेतेपद त्याने तीनदा घेतलं आणि २०१९मध्ये अर्जुन पुरस्कार मिळालेला तो या खेळातला पहिला माणूस. तुमच्या शेजारचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत जाऊन आला. स्नेहा शर्मा विमान कंपनीत वैमानिक आहे आणि सुट्टीत रेस करते. मला तर तिचा हिशेब सगळ्यात शहाणा वाटतो, पण तुमच्या मुलाला तो आत्ता आवडणार नाही, चालायचंच.

ते ३५ लाखवाले गृहस्थ चांगलेही असतील. मी त्यांना ओळखत नाही. पण त्यांना फोन करून एवढं विचारा. करार कुणाशी होणार, तुमच्याशी की टीमशी? टीमच्या लेटरहेडवर कोटेशन येईल का? टेस्टचे किती दिवस, दिवसाला किती लॅप, नव्या टायरचे किती सेट? आणि माझ्या मर्मावरचा प्रश्न: गाडी ठोकली तर माझ्यावर जास्तीत जास्त किती? वरची मर्यादा लिहून देत नसतील तर तो करार तिथेच मिटवा. त्यांचं कमिशन किती तेही सरळ विचारा. कमिशन घेणं पाप नाही, लपवणं आहे. आणि हो, डिसेंबरात १५ पूर्ण होणाऱ्या मुलाला परदेशात रेस करायची तर एफएमएससीआयचं, म्हणजे आपल्या देशातल्या मोटर स्पोर्ट्स महासंघाचं, लायसन्स आणि परवानगी लागते. ती कोण आणि कधी काढणार? त्या एका प्रश्नावर कच्चा माणूस लगेच ओळखू येतो.

दुबईला जाण्याआधी इथली पायरी उरली आहे. कार्टिंगचा एक पूर्ण राष्ट्रीय हंगाम, सुटी-सुटी फेरी नव्हे. त्यानंतर कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईला फॉर्म्युला एलजीबी फोर ही देशी रेस गाडी. तिला स्विफ्टचं इंजिन असतं, एफ वनच्या स्वप्नापुढे ती बैलगाडी वाटेल, पण गिअर, ब्रेकिंग, गर्दीत ओव्हरटेक करणं सगळं तिथे शिकता येतं. २०२३पासून भारताची स्वतःची फॉर्म्युला फोर मालिकाही आहे. २०२४मध्ये तिच्या गाड्या चेन्नईच्या रस्त्यांवर रात्रीच्या दिव्यांत धावल्या. इथे पुढच्या तिघांत सातत्याने येत नसेल तर दुबईत पंचविसावा येण्यासाठी विमान पकडायची गरज नाही.

खर्चाची मर्यादा यंत्रमागाच्या वर्षाच्या नफ्यातून ठरवा, मालमत्तेतून नाही. वहिनींना त्या आकड्यावर सही करू द्या. आकडा संपला की त्या वर्षीचं रेसिंग संपलं. उरलेलं बाहेरून आणा. आपल्याकडे बाप पोराचं कौतुक सांगत फिरतो आणि ‘काहीतरी मदत करा’ म्हणतो. त्याने कुणी पैसे देत नाही, चहा देतात. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत गाड्यांचे सुटे भाग ओतले जातात. त्या मालकाला आपल्या ग्राहक कंपनीचे साहेब एक दिवस ट्रॅकवर आणून कार्ट चालवू द्यायला आवडेल. तो दिवस तुम्ही भरवा, त्याबदल्यात टायरचा खर्च मागा. बोलणी मुलानेच करावीत. पहिल्यांदा त-त-प-प होईल, होऊ दे. पुढे आयुष्यभर त्याला हेच करायचंय: अर्धा वेळ गाडीत आणि अर्धा वेळ पैसे देणाऱ्यांच्या समोर.

याच कारणासाठी दहावी शाळेतूनच द्यायची. बाहेरून वगैरे काही नाही. कोपऱ्यात गाडी पुढून सरकते की मागून सुटते, ब्रेक सोडताना की गॅस देताना, हे ड्रायव्हरला इंजिनिअरला शब्दांत सांगता आलं पाहिजे, तेही इंग्रजीत, आणि मग कागदावरच्या आलेखावर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. ज्याला भौतिकशास्त्राचा कंटाळा आहे त्याला हा खेळ विशीनंतर कंटाळा आणतो. शिवाय शिक्षण असेल तर ट्रॅकवर ड्रायव्हरखेरीज उभं राहायला जागा आहेत. इंजिनिअरिंग कॉलेजांचे संघ स्वतः गाडी बनवून फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांत उतरतात. तिथली मुलं पुढे टीममध्ये डेटा इंजिनिअर होतात, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत गाड्या तपासतात. मी हे सांत्वन म्हणून सांगत नाहीये. माझ्याबरोबरचा एक मुलगा ड्रायव्हर म्हणून माझ्याही मागे होता, आज तो माझ्या चौपट कमावतो, कारण त्याने बी.ई. सोडलं नाही.

शरीराचं थोडक्यात. कार्टला सस्पेन्शन नसतं, बरगड्या सोलून निघतात. रिब प्रोटेक्टरशिवाय बसू देऊ नका. पुढच्या गाड्यांत मान जाते. एफ वनच्या ब्रेकिंगला डोकं पाचपट जड होतं. पैलवान तालमीत मान कमावतात तशी कमवायला एखाद्या वस्तादाकडे पाठवा, तुमच्या भागात त्याची काय कमी? वजन मात्र पैलवानासारखं नको, रविवारचा पांढरा रस्सा चालेल, चार वाट्या नाही.

वहिनींच्या रागात निव्वळ पैशाची काळजी असेल असं मला वाटत नाही. ऑगस्ट २०२३मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर १३ वर्षांचा एक मोटरसायकल रेसर गेला. तुमच्या मुलाहून लहान. कार्ट आणि बाइकचा धोका सारखा नाही हे मान्य, आणि हेलोसारख्या (ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीचं संरक्षक कडं) गोष्टींनी मोठ्या गाड्या पुष्कळ सुरक्षित झाल्या. तरी घरात यावर एकदा उघड बोला. विम्याचे कागद, रक्तगट, जवळचं हॉस्पिटल, हे सगळं आईला माहीत असलं पाहिजे. तिला एकदा ट्रॅकवर न्या. पिटमध्ये उभी राहिली की तिची भीती कमी होईल किंवा वाढेल, पण ती तिची स्वतःची असेल.

आणि आता तुमच्यावर रागवायचं राहिलं. चौदा वर्षांच्या पोराला तुम्ही हायवेवर गाडी चालवायला देता आणि वर मला अभिमानाने लिहिता? ट्रॅकवर मार्शल असतात, समोरून कुणी येत नाही, ऊस भरलेला ट्रॅक्टर बिनदिव्याचा उभा नसतो. २०१९पासून कायद्यात कलम १९९ए आहे: अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. आता हे चिरंजीवांना मोठ्याने वाचून दाखवा: मॅक्स व्हर्स्टापेन २०१५मध्ये १७व्या वर्षी एफ वनमध्ये आला, त्यानंतर नियम बदलले आणि सुपर लायसन्सच्या अर्जाला रस्त्यावरचं लायसन्स लागू लागलं. एका पोलिसाने हायवेवर हात दाखवला तर रस्त्यावरच्या लायसन्ससाठी वयाच्या पंचविशीपर्यंत थांबावं लागेल. किल्ली आजपासून कपाटात.

रानाच्या गिऱ्हाईकाला दिवाळीपर्यंत थांबायला सांगा. चांगलं रान असेल तर ते थांबेल, नाही थांबलं तर दुसरं येईल. तोवर एकाच कार्टमध्ये ड्रायव्हर बदलून बघायची ती परीक्षा करा, आणि एक पूर्ण हंगाम होऊ दे. त्यानंतर मायक्रॉनची फाइल मला पाठवा. मेडलांचे फोटो नकोत, फाइल. दोघे पुण्याला प्रत्यक्ष आलात तर बसून बघू. येताना गाडी मात्र तुम्ही चालवत या.